सल्लामसलत : गाडीला पाठचे डोळे हवेत, पण कोणते?

बार्शीच्या एका भगिनींचे पत्र आज घेतले आहे. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे. पत्र लांबलचक आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग तेवढा देते.

"ताई, आमचा शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा घरगुती उद्योग आहे. आठ बाया कामाला येतात. मागच्या वर्षी आम्ही विजेवर चालणारा छोटा टेम्पो घेतला. डिझेलचा खर्च वाचला, अंगणातला धूर गेला. गाडीला मागे बंद बॉडी आहे. त्यामुळे आतल्या आरशात बघितलं तर नुसती भिंत दिसते. माल वाड्याच्या अंगणातच भरतो. परवा यांनी गाडी मागे घेतली तेव्हा धाकट्या जाऊबाईंचा तीन वर्षांचा मुलगा मागे बसून चिंचोके वेचत होता. भाकरी थापणारी एक बाई जिवाच्या आकांतानं ओरडली आणि चाक दोन हातांवर थांबलं. त्या दिवसापासून माझा डोळ्याला डोळा लागत नाही. भाऊजी म्हणतात, आरशावर बसवायचा कॅमेरा घेऊ, बारा इंची स्क्रीन, 'फोर-के' चित्र. हे म्हणतात, वीस वर्षं मी बाजूच्या आरशांवर गाडी चालवली, असली खेळणी कशाला? पैसे जाणार ते माझ्या चटणीच्या गल्ल्यातून. तेव्हा कोणता घेऊ, आणि घेऊच का, ते सांगा."

बाई, मूल सुखरूप आहे, हे सगळ्यांत मोठे. ज्या बाईने आरडाओरडा केला तिला एक चांगले लुगडे घ्या. तो खर्च आधी करा.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यांदा. होय, कॅमेरा घ्या. मात्र तो बारा इंची आहे की 'फोर-के' आहे, यावर जाऊ नका. तुमच्या अंगणात, गाडीच्या मागच्या दहा फुटांत बसलेले मूल त्यात दिसते का, या एकाच कसोटीवर घ्या. बाकी सगळे त्यानंतर.

यजमानांचे म्हणणे

तुमच्या यजमानांना हसू नका. वीस वर्षांचा हात खोटा नसतो. पण त्या वीस वर्षांत गाडी बदलली, हे त्यांच्या लक्षात आणून द्यायला हवे. बाजूचे आरसे गाडीच्या दोन्ही कडा दाखवतात. बंद बॉडीच्या बरोबर मागे काय आहे, ते कोणताच आरसा दाखवू शकत नाही. तीन वर्षांचे मूल उकिडवे बसले म्हणजे त्याची उंची ती किती! पाण्याच्या कळशीपेक्षा थोडी जास्त.

दुसरी गोष्ट आवाजाची. टाटांचा 'एस' हा छोटा टेम्पो २००५ साली आला आणि गावोगाव 'छोटा हत्ती' म्हणून ओळखला जाऊ लागला. तो सुरू केला की साऱ्या आळीला कळायचे. त्याचाच विजेवरचा भाऊ २०२२ साली जाहीर झाला आणि जानेवारी २०२३ पासून गिऱ्हाइकांच्या हाती पडू लागला. पुढे दुसऱ्या कंपन्यांचेही विजेवरचे टेम्पो आले. या गाड्या गुणी खऱ्या, पण मुक्या. इंजिनाची घरघर नाही, धूर नाही. खटका फिरवला की गाडी गुपचूप मागे सरकते. आवाज ऐकून बाजूला व्हायचे, हे आपली मुले आणि म्हातारी माणसे इतकी वर्षे न शिकवता करीत आली. आता तो आवाजच नाही.

ही काळजी तुमच्या एकटीची नाही, बरं का. युरोपात १ जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीला सावकाश चालताना व मागे जाताना आवाज करणारे यंत्र सक्तीचे आहे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशाच नियमाचा मसुदा सप्टेंबर २०२५ मध्ये काढला. तुमच्या गाडीला असा आवाज आहे का, ते विक्रेत्याला विचारा. नसेल तर मागे जाताना 'बीप बीप' करणारा साधा बझर बसवून घ्या. कॅमेऱ्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो, आणि कॅमेरा फक्त चालवणाऱ्याला सांगतो तसे नव्हे, तो अंगणातल्या सगळ्यांना सांगतो.

अमेरिकेतली एक हकीगत यजमानांना जरूर सांगा. २००२ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका डॉक्टरांनी आपली गाडी घराच्या आवारात मागे घेतली. आरशात बघून, सावकाश घेतली. त्यांचाच दोन वर्षांचा मुलगा, कॅमेरॉन गुलब्रान्सन, मागे आला होता. तो गेला. ते डॉक्टर कसले? लहान मुलांचे! त्या बापाने आणि अशाच इतर आईबापांनी वर्षानुवर्षे सरकारचा पिच्छा पुरवला. २००८ साली त्या मुलाच्या नावाने कायदा झाला आणि मे २०१८ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना आणि लहान मालगाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. गाडीच्या मागची दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब जागा त्यात दिसलीच पाहिजे, असे तिथला नियम सांगतो. ते डॉक्टर गाडी बेफाम चालवत नव्हते. आरशात मूल दिसतच नव्हते, एवढेच.

ही वस्तू नेमकी काय?

बाजारात दोन वस्तू मिळतात आणि दुकानदार दोन्हींना 'मागचा कॅमेरा' म्हणतो. त्यामुळे घोटाळा होतो.

एक म्हणजे रिव्हर्स कॅमेरा. गाडी मागे घ्यायला लागलो की तेवढ्यापुरते चित्र दिसते, एरवी बंद. याची नजर खाली, जमिनीकडे असते.

दुसरी म्हणजे मिरर कॅमेरा. आतल्या आरशाच्या जागी, किंवा त्याच आरशावर रबरी पट्ट्यांनी बांधून, लांबट स्क्रीन बसवतात. कॅमेरा गाडीच्या मागच्या बाजूला बाहेर असतो आणि गाडी चालू असेतोवर चित्र दिसत राहते. बंद बॉडीच्या गाडीला हा खरा उपयोगी, कारण हमरस्त्यावर मागून ट्रक येतोय की मोटारसायकल, ते कळते. याची नजर समोर, लांबवर असते.

मुख्य मुद्दा इथेच आहे. लांबचा रस्ता आणि चाकाजवळची जमीन, दोन्ही एकाच डोळ्याला सारखे चांगले दिसत नाही. म्हणून आधी गाडीची पुस्तिका बघा. काही विजेच्या टेम्पोंना कंपनीचा रिव्हर्स कॅमेरा असतो. तुमच्या गाडीला तो असेल, तर त्याला हात लावू नका. मिरर कॅमेरा वेगळा घ्या आणि तो रस्त्यासाठी लावा. कंपनीचा कॅमेरा नसेल, तर असा मिरर कॅमेरा घ्या की ज्याला रिव्हर्सची वेगळी तार असते. ती तार मागच्या पांढऱ्या दिव्याला जोडली म्हणजे गाडी मागे घेताना चित्र आपोआप खाली जमिनीकडे वळते. ही तार नाही, असे दुकानदार म्हणाला तर तो सेट घेऊ नका, मग स्क्रीन कितीही मोठी असो.

निवडताना काय बघावे

१. चाळिशीची नजर. हे कुणी सांगत नाही, म्हणून पहिल्यांदा सांगते. साध्या आरशात बघताना डोळा लांबचेच बघत असतो. स्क्रीनकडे बघताना त्याला हातभर अंतरावरचे बघावे लागते. ज्यांना वाचायला चष्मा लागतो त्यांना ही स्क्रीन अंधूक दिसू शकते. तुमच्या यजमानांनी सुई ओवायला तुमच्याकडे द्यायला सुरुवात केली असेल, तर त्यांना दुकानात बरोबर न्या. गाडीत बसवून, रोज घालतात तोच चष्मा लावून बघू द्या. त्यांना दिसत नसेल तर हट्ट धरू नका. जमिनीकडे बघणारा साधा रिव्हर्स कॅमेरा घ्या.

२. अंशांची भुरळ. '१७० अंश' असे खोक्यावर मोठ्या अक्षरांत असते. कॅमेरा जितका रुंद बघतो तितक्या वस्तू लहान आणि लांब दिसतात. दोन हातांवरचे मूल चार हातांवर वाटले तर काय कामाचे? आकड्यापेक्षा प्रत्यक्ष चित्र बघा.

३. डावे-उजवे. चित्र आरशासारखे उलट हवे, म्हणजे गाडीची डावी बाजू स्क्रीनच्या डावीकडे दिसते. काही स्वस्त कॅमेरे सरळ चित्र दाखवतात आणि घाईच्या वेळी चालवणारा नेमका चुकीकडे वळतो. दुकानात कॅमेऱ्यापुढे उभे राहून उजवा हात हलवून बघा.

४. उशीर. हात हलवला की स्क्रीनवरही त्याच क्षणी हलला पाहिजे. काहींमध्ये चित्र मागाहून येते. किल्ली फिरवल्यापासून चित्र यायला किती वेळ लागतो, तेही मनात आकडे मोजून बघा. चित्र येईपर्यंत गाडी हलवायची नाही, आणि फार वेळ लागत असेल तर घाईच्या दिवशी कुणी थांबणार नाही.

५. ऊन आणि अंधार. बार्शीच्या उन्हात गुळगुळीत काचेवर रस्ता दिसण्याऐवजी आपलाच चेहरा दिसतो. दुपारी गाडी दुकानाबाहेर उभी करून बघा. संध्याकाळी परत एकदा बघा. स्क्रीनचा उजेड रात्री कमी करता आला पाहिजे. अंगणात दिवा नसेल तर चांगला कॅमेराही अर्धा आंधळा. एक दिवा लावून घ्या.

६. पाणी आणि धूळ. बाहेरच्या कॅमेऱ्यावर 'आयपी ६७' असे लिहिलेले असावे. यातला सहाचा आकडा धुळीचा आणि साताचा पाण्याचा. सहा म्हणजे धूळ आत शिरत नाही, सात म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी बिघडत नाही. मात्र गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा थेट त्याच्यावर मारू देऊ नका.

७. उष्णता. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीची काच भट्टीसारखी तापते. स्क्रीनच्या आत लहान लिथियम बॅटरी असेल तर ती फुगते. बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला सेट मागा. चित्र साठवायचे कार्डही सतत लिहिले जाणारे, टिकाऊ जातीचे घ्या.

८. तारेची लांबी. सेटबरोबरची तार बहुधा मोटारीच्या मापाची असते. टेम्पोत ती स्क्रीनपासून निघून, खालून फिरून, बॉडीच्या वरपर्यंत जायची. घरून निघण्याआधी सुतळीने माप घ्या. सुतळीही नसली तर नेसत्या साड्या आहेतच! पाचवारी साडी म्हणजे साधारण साडेपाच मीटर, नऊवारी म्हणजे सव्वाआठ. पाचवारीत भागले नाही तर लांब तारेचा सेट मागा. मध्ये जोड मारलेली तार पहिल्या पावसात दगा देते.

बसवताना

कॅमेरा बॉडीच्या चौकटीवर, मध्यभागी, जी जागा हलत नाही तिथे बसवा. फाळक्यावर किंवा उघडणाऱ्या दारावर नको. फाळका पाडला की चित्रही पडते, आणि बिजागरीपाशी तार वाकून वाकून तुटते. कॅमेरा वर बसवला तर तो एवढा खाली वळवा की रिव्हर्सच्या चित्रात बंपरची कड दिसलीच पाहिजे. कड दिसत नसेल, तर चाकापाशी एक पट्टा अदृश्य राहिला असे समजा. नंबराच्या पाटीला भोक पाडू नका आणि तिच्या आड काही येऊ देऊ नका.

विजेचे काम जाणत्याकडूनच करून घ्या. बहुतेक विजेच्या गाड्यांत दोन बॅटऱ्या असतात. मोठी गाडी ओढते. दुसरी, बारा व्होल्टची लहान, ती दिवे, भोंगा आणि गाडी जागी करण्याचे काम करते. जाड भगव्या तारा मोठ्या बॅटरीच्या. त्यांच्याजवळ कुणालाही पक्कड घेऊन जाऊ देऊ नका, मग तो भाऊजींचा कितीही जवळचा मित्र असो. कॅमेऱ्याची वीज लहान बॅटरीच्या फ्यूज बॉक्समधून, स्वतंत्र फ्यूज लावून घ्यायची. मूळची तार सोलून, चिकटपट्टी गुंडाळून नव्हे. अशा कापाकापीमुळे कंपनीची वॉरंटी अडू शकते. म्हणून गाडीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आणखी एक खोच. काही कॅमेरे गाडी उभी असतानाही पहारा देतात. ते लहान बॅटरी पीत राहतात. ती उतरली की मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही सकाळी गाडी जागी होत नाही, आणि भाकरीच्या टोपल्या अंगणात तशाच राहतात. पहाऱ्याची सोय बंद ठेवा. नाही तर बॅटरी ठराविक पातळीखाली गेली की आपोआप तोडणारा भाग बसवून घ्या.

किंमत विचारताना सेटची, फिटिंगची आणि कार्डाची वेगवेगळी विचारा. पक्के बिल घ्या. कॅमेरा बिघडला तर बदलून कोण देणार, दुकानदार की कंपनी, ते बिलावरच लिहून घ्या.

रांगोळीची परीक्षा

फिटिंग झाले म्हणजे काम संपले असे नव्हे. गाडी अंगणात उभी करा. मागच्या बंपरपासून एक हात, तीन हात आणि सहा हातांवर रांगोळीच्या तीन जाड रेघा ओढा. प्रत्येक रेघेवर मध्ये आणि दोन्ही टोकांना एकेक कळशी ठेवा. आता यजमानांना चालवायच्या जागी बसवा आणि विचारा, किती कळश्या दिसतात? नऊच्या नऊ दिसल्या पाहिजेत. एखादी दिसली नाही तर कॅमेऱ्याचे तोंड थोडे फिरवा आणि परत मोजा. मग स्क्रीनवरच्या रंगीत रेघा तुमच्या रांगोळीच्या रेघांशी ताडून बघा. त्या रेघा कारखान्यात सरसकट आखलेल्या असतात, तुमच्या गाडीच्या मापाच्या नसतात. 'लाल रेघ म्हणजे खरे किती हात' हे यजमानांनी डोळ्यांत भरून ठेवावे.

हीच परीक्षा एकदा दिवेलागणीला घ्या. सगळे जमले की कळश्या उचलायला त्यांनाच सांगा. वीस वर्षे आरशात न दिसलेली जागा किती मोठी होती, ते त्यांना तेव्हा आपोआप कळेल. तुम्हाला वाद घालावा लागणार नाही.

रोज सकाळी कॅमेऱ्याची काच जुन्या मऊ धोतराच्या ओल्या तुकड्याने पुसायची. घासणी लावायची नाही, ओरखडे पडतात. पावसाळ्यात दर फेरीनंतर पुसायची. चिखलाचा एक थेंब अख्खे मूल झाकतो.

आणि घरचा नियम

कॅमेरा बघतो, पण ओरडत नाही. त्या दिवशी मूल वाचले ते माणसाच्या डोळ्यांनी आणि आवाजाने. म्हणून हे चार नियम कागदावर लिहून गाडीत आणि स्वयंपाकघरात लावा.

गाडी हलवण्याआधी चालवणाऱ्याने खाली उतरून एकदा गाडीभोवती फिरायचे.

घरातली सगळी लहान मुले कुणाच्या तरी नजरेसमोर आहेत, असे मोठ्याने सांगितल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. हे सांगायचे काम रोज एकाच व्यक्तीचे. आज ही, उद्या ती, असे केले की कुणाचेच राहत नाही.

गाडी मागे घेताना एकाने बाजूला, चालवणाऱ्याला आरशात दिसेल अशा जागी उभे राहायचे. गाडीच्या बरोबर मागे कधीही नाही.

आणि जमेल तेव्हा गाडी अंगणात उलटीच आणून लावायची, म्हणजे सकाळी, मुले जागी असताना, ती समोर तोंड करून बाहेर पडेल. मागे घेण्याचे काम अंगण रिकामे असताना उरकून जाते. याला तर पैसाही लागत नाही.

तेव्हा बाई, गल्ल्यातले पैसे काढायला कचरू नका, पण दुकानात जाताना सुतळी, चष्मा आणि यजमान, तिन्ही बरोबर न्या. तिथे भाऊजी बारा इंचांचे कौतुक करू लागले तर त्यांना एवढेच विचारा, "यात जमिनीवर बसलेलं पोर दिसतं का?" दुकानदाराला ते दाखवता आले, तर पैसे मोजा. नाही आले, तर पुढच्या दुकानाची पायरी चढा.